धोंडुबाईचा हातचा माणूस

अनिता म्हात्रे रोह्याच्या कॉलेजात गणित शिकवायची. राहायला वरसेला, माहेर कासूच्या खाडीकडचं, शाळा सगळी मराठीतून. फळ्यावर गणित मांडण्याआधी खडू कपाळाला टेकवायची तिची सवय होती. मुलं हसायची. ती म्हणायची, हसा, पण पेपरात चुकलात की तुम्हीच धावीर महाराजांना नारळ बोलता, मी आपली आधीच हात जोडून ठेवते.

तिच्या आवडीचं गणित म्हणजे ठिपके आणि रेषा. त्याला ग्राफ म्हणतात, पण शाळेत चौकटीच्या कागदावर काढतो तो हा नव्हे. मुलांना ती सोप्या भाषेत सांगायची, गावं म्हणजे ठिपके, एसटीचे रस्ते म्हणजे रेषा, झाला ग्राफ. पुढे त्यातलाच एक प्रश्न तिच्या डोक्यात कायमचा मुक्कामाला आला होता. कमीत कमी ठिपके निवडायचे, असे की प्रत्येक रेषेचं निदान एक टोक तरी त्यात आलं पाहिजे. ऐकायला किती साधा. दहा-बारा ठिपके असले तर शाळकरी पोर करील. दोन-तीनशे झाले की भलामोठा संगणकसुद्धा सगळ्या शक्यता तपासून संपवू शकत नाही, कारण एकेक ठिपका वाढला की काम दुप्पट होत जातं. अशा प्रश्नांची एक जातच आहे. त्यांना झटपट वाट कुणाला सापडलेली नाही, आणि वाट नाहीच असंही कुणाला सिद्ध करता आलेलं नाही.

महिन्यातून एकदा ती मुंबईला विद्यापीठाच्या ग्रंथालयात जायची, परदेशी मासिकांतले लेख झेरॉक्स करून आणायची आणि स्वयंपाक झाल्यावर ओट्यापाशीच उभ्याने वाचायची. नवरा रघू कंपनीत शिफ्टला. तो कधी विचारायचा, सुटलं का तुझं कोडं? ती म्हणायची, नाही सुटलं, पण डाळ उतू नाही गेली. त्यालाही ते पटायचं. सात वर्षांत तिचा स्वतःचा एकही लेख कुठे छापून आला नव्हता, आणि त्याचं तिला फारसं दुःख होतं असंही नाही. काहींना रोज पोथीचं एक पान वाचल्याशिवाय चैन पडत नाही, तसं होतं ते.

मग एक्क्याण्णव साली श्रावणातल्या अमावास्येला ती माहेरी गेली, आणि ज्या गोष्टीसाठी ती दर महिन्याला मुंबई गाठत होती ती तिला आत्याच्या ओट्यावर दिसली.

तिचं माहेर डावरेखार. कासू स्टेशनला उतरून खाडीकडे चालत पाऊण तास. गावाची भातशेती खाडीच्या पाण्यापासून बांध घालून अडवलेली, अशा शेताला खार म्हणायचं. बांधाला भगदाड पडलं की त्याला खांड म्हणतात, आणि एकदा खांड पडून खारं पाणी आत आलं की दोन-तीन वर्षं त्या जमिनीत भात नाही. म्हणून बांध राखायला गावाची जोळ असते. घरटी एक माणूस उधाणाच्या दिवशी बांधावर हजर झाला पाहिजे, मग तो सरपंच असो की गुरवाचा म्हातारा. चार-दोन बांध जिथे मिळतात त्याला तिठा म्हणायचं. माणूस तिठ्यावर उभा राहतो, तिथून निघणारा प्रत्येक बांध त्याच्या नजरेत. बांधाच्या दोन टोकांपैकी एकावर तरी माणूस असला म्हणजे तो बांध राखलेला.

पूर्वी साठ घरांचे साठ जण यायचे, तेव्हा हिशेब करायची गरजच नव्हती. पण आता निम्मा गाव कंपन्यांत लागला होता, आणि उधाण काही शिफ्ट बघून येत नाही. त्या अमावास्येला भर दुपारचं उधाण होतं आणि ओट्यावर जमलेली माणसं मोजून अकरा, त्यातल्या सहा बायका.

कुणी कुठे उभं राहायचं हे धोंडुआत्या ठरवायची. धोंडुबाई अनिताच्या वडिलांची मोठी बहीण. गावातच दिलेली. नवरा केरू जोळीचा मुकादम होता. तो गेल्यावर चार-सहा महिने दुसऱ्या कुणी तरी मुकादमी करून पाहिली, दोन खांडी पडल्या, आणि मग कुणी काही न बोलता काम धोंडुबाईकडे आलं. उन्हाळ्यात मिठागरावर मीठ ओढायची फळी मारायची आणि पावसाळ्यात बांध सांभाळायचे. अक्षर एक येत नव्हतं. ओट्यावर कोळशाने बांधांच्या रेघा ओढायची आणि माणसांच्या जागी चिंचोके मांडायची.

अनिता चहाची कपबशी हातात घेऊन बघत राहिली. आत्या पहिल्यांदा आंधळी टोकं घेत होती. आंधळं टोक म्हणजे जिथे बांध नुसता संपतो, पुढे काही नाही. तिथे ती कधीच चिंचोका ठेवत नव्हती, त्याच्या मागच्या तिठ्यावर ठेवत होती. अनिताने विचारलं तसं आत्या वर न बघता म्हणाली, "टोकाव उभा केलेल्या मानसाला येकच बांध दिसतो गो. मागं उभा कर, तीन दिसतात. यात इचारायचं काय हाय?"

हे अनिताला ठाऊक होतं. पुस्तकात होतं ते. पण त्यानंतर आत्याने जे केलं ते तिने कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं.

आंधळी टोकं संपली आणि राहिली ती सगळी वेढ्यावेढ्यांची भानगड, म्हणजे बांध फिरून परत निघाल्या जागी येणारे. तिथे एक नुसता कोपरा होता, त्याला दोनच बांध, एक इकडच्या तिठ्याला जाणारा, एक तिकडच्या. आत्याने एक चिंचोका उचलला आणि कुठेच न ठेवता पदराच्या गाठीत बांधला. मग तळव्याने तो कोपरा आणि त्याच्या दोन्ही बाजूंचे तिठे पुसून टाकले आणि त्या तिघांच्या जागी कोळशाने एकच मोठा ठिपका काढला. बाहेरून येणारे बांध त्या मोठ्या ठिपक्याला जोडले, आणि जणू काही झालंच नाही अशा तऱ्हेने पुढचं मांडायला लागली.

"आत्या, तो माणूस कुठे गेला?"

"हातचा ठेवला. त्या तिघांत येक मानूस लागनारच. कोपऱ्याव उभा राहंल नाय तर बाजूला, पन लागंल नक्की. कुठं ते आता कशाला ठरवायचं? बाकीचं होऊ दे."

बाकीचं झालं. शेवटी मोठ्या ठिपक्यावर चिंचोका आला. तेव्हा आत्याने गाठ सोडली, हातचा आणि हा असे दोन चिंचोके घेतले, कोपरा मोकळा ठेवला आणि दोन्ही बाजूंच्या तिठ्यांवर एकेक मांडला. मोठा ठिपका रिकामा राहिला असता तर, ती म्हणाली, हातचा एकटाच कोपऱ्यावर गेला असता. असे दोनदा हातचे ठेवून दहा माणसांत सगळे बांध बसले. अकरावी वनिता उरली, तिला आत्याने चहाचं आधण ठेवायला पाठवलं.

अनिता त्या दिवशी बांधावर गेली खरी, पण तिचं लक्ष पाण्यावर नव्हतं. शिक्षकांनी शाळेत बेरीज शिकवताना हातचा एक सांगितला होता, तो आज चिंचोका होऊन पदराच्या गाठीत गेला होता. ठरवता येत नाही ते थांबवून ठेवायचं, पण त्याची किंमत मात्र आत्ताच बाजूला काढायची. एवढंच. आणि एवढ्यानेच तीन ठिपक्यांचा एक होतो, प्रश्न लहान होतो, परत परत लहान होत जातो.

त्यानंतर दोन वर्षं ती या एका गोष्टीवर बसली. हा नियम वापरला तर वेढे जितके, तेवढ्यापुरतंच अवघड काम उरतं. शेत केवढंही पसरलेलं असो, वेढे थोडे असले तर उत्तर झटपट निघतं, असं तिला सिद्ध करता आलं. रोह्याहून संध्याकाळी घरी येऊन ती लिहायची, खोडायची. रघूने कंपनीतून एका बाजूला कोरे असलेले कागद आणून दिले, त्यांच्या मागच्या बाजूला कुठल्या कुठल्या बॉयलरचे आकडे होते.

टाइप करायला ती पेणला रामवाडीत दाजींकडे गेली. दाजी टायपिंगचा क्लास चालवायचे, आणि एरवी अर्ज, प्रतिज्ञापत्रं आणि लग्नाच्या मुलामुलींची माहिती टाइप करून द्यायचे. हा एकवीस पानांचा इंग्रजी लेख बघून ते जरा बिचकले. चिन्हांसाठी जागा सोडून ठेवतो, तुम्ही हाताने काढा, म्हणाले. तिसऱ्या दिवशी त्यांनी चष्म्यावरून बघत विचारलं, बाई, हे वाचणार कोण? अनिता म्हणाली, जगात असतील दोनशे माणसं. दाजी म्हणाले, मग बरं आहे, आमच्या प्रतिज्ञापत्राला एकच वाचणारा असतो आणि तोही वाचत नाही.

लेखाच्या शेवटी ज्यांच्या कामाचा आधार घेतला त्यांची यादी द्यावी लागते. अनिताने सोळा नावं दिली. त्यांत सातवं होतं धोंडुबाई, डावरेखार, तोंडी सांगितलेलं. दाजींनी आपण होऊन नावाआधी श्रीमती लावलं. अनिताने ते राहू दिलं.

त्र्याण्णवच्या दिवाळीनंतर लेख परदेशातल्या एका मासिकाकडे रवाना झाला. उत्तर आलं चौऱ्याण्णवच्या मे महिन्यात. कॉलेजला सुटी, म्हणून शिपाई मोरू पाकीट घेऊन वरसेला घरी आला. त्यात दोन परीक्षकांची मतं होती. असे परीक्षक कोण ते लेखकाला कधी सांगत नाहीत, पहिला आणि दुसरा एवढंच.

दुसऱ्याचं म्हणणं थोडक्यात होतं. काम चांगलं आहे, पण संदर्भ क्रमांक सात कुठल्याही ग्रंथालयात मिळत नाही, तो काढावा.

पहिल्याचं पान मात्र तिने दोनदा वाचलं. त्याने पानावर एक लहानसा त्रिकोण काढला होता. कोपऱ्याच्या दोन्ही बाजूंचे ठिपके जर एकमेकांनाही रेषेने जोडलेले असतील, तर लेखिकेचा नियम चुकतो, असं त्याने लिहिलं होतं. तिने लगेच करून पाहिलं. खरंच चुकत होता. मोठा ठिपका रिकामा राहिला आणि हातचा माणूस कोपऱ्यावर उभा केला, तर समोरचा बांध कुणालाच दिसत नव्हता. इतकी ढोबळ चूक, आणि दोन वर्षांत तिला एकदाही शंका आली नव्हती.

संपादकाने तीन महिने दिले होते. दुरुस्त करता आलं तर पुन्हा पाठवा, नाहीतर लेख परत घेतला असं समजू.

गणित विभागाचे प्रमुख टिपणीस सर भला माणूस. अनिता त्यांच्या घरी गेली तेव्हा त्यांनी दोन्ही पानं शांतपणे वाचली. म्हणाले, पहिल्याचं तुम्ही बघालच, तुम्हाला जमेल ते. दुसऱ्याचं तर काहीच नाही, एक ओळ काढायची. ती ओळ अनिताला सोडवत नाही हे पाहून त्यांनी समजावलं की बाई, आत्याबाईंना यातलं काय कळणार आहे? त्यांचं नाव राहिलं काय आणि गेलं काय. उगीच हट्टापायी दोन वर्षांचं काम घालवू नका.

घरी येताना ती रिक्षा न करता चालत आली. सरांचं काही चुकत नव्हतं. लेख छापून यावा असं तिला मनापासून वाटत होतं, आता तर फारच वाटत होतं. एकदा हातातोंडाशी आलेलं निराळं असतं. पण नियम तिचा नव्हता. आणि दुसऱ्याच्या घरून आलेलं ताट आपल्या देवापुढे ठेवून त्याला आपला नैवेद्य म्हणायचं, हे तिला कधी जमलं नसतं. संध्याकाळी दिवा लावताना तिने देवाला काही मागितलं नाही. काय मागायचं तेच ठरत नव्हतं.

रघू दुसऱ्या शिफ्टहून आला आणि सगळं ऐकून म्हणाला, चूक आत्याच्या नियमात आहे की तुझ्या लिहिण्यात ते आधी बघ ना. जिचा नियम तिला विचार. अनिताला नवल वाटलं की हे आपल्याला सुचलं कसं नाही.

रविवारी सकाळच्या गाडीने ती कासूला गेली. मे महिन्याचं ऊन. धोंडुआत्या नुकतीच मिठागरावरून आली होती, पाय धुऊन ओट्यावर पसरून बसली होती. मिठाने टाचा फुटलेल्या. अनिताने आधी खोबरेल मागून घेतलं आणि टाचांना लावता लावता सगळं सांगितलं. मग कोळसा घेऊन ओट्यावर तो त्रिकोण काढला.

आत्याने तो बराच वेळ बघितला आणि हसायला लागली.

"ही तीनकोनी खार कुनी घातली?"

"कुणी नाही. तो विचारतो, असली तर?"

"असंल कशी? तीनकोनी खारीच्या चिंचोळ्या कोपऱ्यात पानी डोकं आपटतं गो. पयल्याच उधानाला खांड. आमच्या आज्या-पंज्यानी कदी तीनकोनी खार घातली नाय. तुज्या त्या सायबाला सांग, घालू नको म्हनावं."

अनिता तशीच तेलाचा हात धरून बसली. आता तिला कळलं की दोन वर्षांत शंका का आली नाही. तिच्या डोळ्यांपुढे कायम डावरेखारचे बांध होते, आणि डावरेखारला तीनकोनी शेत नव्हतंच. आत्याचा नियम त्या बांधांवर कधी चुकलाच नव्हता, चुकायला जागाच नव्हती. चूक तिची होती. तिने गावचं गणित जगाला लावलं आणि जगात त्रिकोण असतात हे विसरली.

ती म्हणाली, सांगते त्याला. पण समज कुणी खुळ्याने घातलीच, आणि तुला ती राखायला दिली, तर?

आत्याने पाय आखडून घेतले. पदराची गाठ सोडून दोन चिंचोके काढले, ते तिच्याकडे असायचेच. त्रिकोणावर तिने फार वेळ घालवला नाही.

"मग हातचा ठेवायचाच नाय. तीन बांध हायत, येका मानसात तीन दिसनार नायत, दोन लागनारच. मग दोघांना दोन तिठ्यांव उभं कर, तिथून बाहेरचे बांध पन दिसतील. कोपऱ्याव कोन कशाला जाईल? तिथून बाहेरचं काय दिसतं?"

झालं. तिने दोन चिंचोके मांडले आणि कोपरा मोकळा सोडला. अनिताने मनातल्या मनात तीन ओळींत त्याची सिद्धता केली, दोनदा तपासली, आणि मग आत्याच्या पायांना पुन्हा तेल लावायला घेतलं, कारण दुसरं काय करावं ते तिला सुचेना.

उठताना तिने नावाचं सांगितलं. ते लोक तुझं नाव काढायला सांगतात म्हणाली. आत्याने खांदे उडवले, काढ की, मना कुठं वाचाया येतं. पण मग तिने एक गोष्ट विचारली.

"ही खांड त्यानी बघितली ना? पयल्यांदा त्यानीच?"

"व्हय."

"मग नारळ त्याच्या नावाचा. नाव काय त्याचं?"

डावरेखारची ही रीत होती. वर्षभरात ज्याने ज्याने पहिल्यांदा खांड पाहिली आणि हाक मारली, त्याच्या नावाचा नारळ नारळी पौर्णिमेला बांधावर फोडायचा. बुजवायला पन्नास जण धावले तरी नारळ बघणाऱ्याचा. दुसऱ्याने पाहिलेली खांड मी पाहिली म्हणणं म्हणजे गावात तोंड काळं करण्यासारखं. अनिता याच रीतीत वाढली होती. यादीत सातवं नाव लिहिताना तिने विचारसुद्धा केला नव्हता, हात आपोआप गेला होता, तो यामुळेच. आणि आता आत्याच तिला विचारत होती, त्या माणसाचं नाव काय.

नाव कळत नाही, ते सांगतच नाहीत, असं तिने सांगितलं. आत्याला हे फार विचित्र वाटलं. खांड दाखवतो आणि तोंड लपवतो, असा कसा राखणदार, म्हणाली.

परतीच्या गाडीत अनिताचं ठरलं. आठवडाभरात तिने लेख दुरुस्त केला. त्रिकोणाची निराळी ओळ घातली. त्रिकोण दाखवणाऱ्या पहिल्या परीक्षकाचे आभार मानले. आणि संपादकाला एक वेगळं पत्र लिहिलं. साध्या इंग्रजीत, जेवढं तिला येत होतं तेवढ्यात. हा नियम माझा नाही. तो माझ्या आत्याचा आहे, आणि दुरुस्तीही तिचीच आहे. हे कुठे छापलेलं नाही, कारण आत्याला लिहिता येत नाही. आमच्या गावात ज्याने खांड पाहिली त्याचं नाव घ्यावंच लागतं. ते काढून लेख छापायचा असेल तर कृपया परत पाठवा.

दाजींनी ते पत्र टाइप केलं आणि शेवटचं वाक्य वाचून मशीनवरून हात काढले. विचारलं, हे नक्की ठेवायचं? ती म्हणाली, ठेवा. पोस्टाच्या पेटीत टाकण्याआधी तिने पाकीट कपाळाला टेकवलं. त्या रात्री तिला छान झोप लागली.

उत्तर यायला फार दिवस लागले नाहीत. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात आलं. संपादकाने चारच ओळी लिहिल्या होत्या. लेख स्वीकारला आहे. तोंडी सांगितलेली गोष्ट यादीत घेता येत नाही, तो आमचा नियम. मात्र लेखातल्या नियमाला काय नाव द्यायचं, हा लेखकाचा अधिकार आहे.

अनिताने ते तीनदा वाचलं. मग देवापुढे ठेवलं, आणि मग एक कोरा कागद घेऊन दुरुस्ती लिहिली. लेखात आत्याचा नियम 'नियम दोन' म्हणून होता, ते शब्द खोडले आणि त्यांच्या जागी लिहिलं, धोंडुबाईचा नियम. सबंध लेखात तो अठ्ठावीस वेळा आला होता. अठ्ठावीस ठिकाणी.

तिच्या लक्षात आलं ते हळूहळू. यादीतलं सातवं नाव पुढच्या माणसाने कदाचित गाळलं असतं. पण नियम वापरायचा तर त्याचं नाव घेतल्यावाचून चालणार नव्हतं.

लेख पंच्याण्णवमध्ये छापून आला. नंतरच्या वर्षांत वरसेच्या पत्त्यावर अधूनमधून परदेशी पोस्टकार्डं यायला लागली, आपल्या लेखाची एक प्रत पाठवावी म्हणून. तिकीट रघूला, कार्ड अनिताला, अशी वाटणी होती. एक कार्ड मात्र कॉलेजात आलं, त्यावर पत्ता होता प्रोफेसर धोंडुबाई, गणित विभाग. मोरूने ते हातात देताना विचारलं, बाई, या नवीन आल्या का? कोणत्या वर्गाला शिकवतात? अनिता म्हणाली, त्या बांधावर शिकवतात, आणि कार्ड पर्समध्ये ठेवून दिलं.

अठ्ठ्याण्णव साली ती मुंबईच्या ग्रंथालयात गेली असताना टिपणीस सरांच्या सांगण्यावरून तिने ते जाडजूड खंड काढले, ज्यांत कुणाचा लेख पुढे कुणी कुणी आधाराला घेतला ते बारीक अक्षरांत छापलेलं असतं. भिंग लावून बघावं लागलं. म्हात्रे ए. या नावाखाली नऊ ओळी होत्या. नऊ म्हणजे काही फार नव्हे, नावाजलेल्या माणसांच्या पानंच्या पानं असतात. पण तिला त्या खूप वाटल्या. तिने त्यातले जे मिळाले ते सहा लेख काढून बघितले. एकाने तिची सिद्धता अर्ध्या पानात बसवली होती. एकाने नियम आणखी पुढे नेला होता, तीन बांधांच्या तिठ्यापर्यंत, तो तिने उभ्या उभ्या वाचून काढला आणि मनात म्हटलं, शाब्बास. आणि सहाच्या सहा लेखांत, तिला न वाचता येणाऱ्या एका भाषेतल्या लेखातसुद्धा, ते नाव होतं. रोमन अक्षरांत, धोंडुबाई.

घरी येऊन तिने रघूला सांगितलं की खंडात आपली नऊ आणि आत्याची शून्य, कारण खंडात नियमांची नावं मोजत नाहीत. रघू म्हणाला, म्हणजे नोंद तुझी, आणि नाव तिचं? बरोबर वाटणी झाली.

त्या वर्षी नारळी पौर्णिमेला ती डावरेखारला गेली. भरतीची वेळ दुपारची, पाऊस थांबलेला, बांधावर हिरवं गवत. जोळीतली पंधरा-वीस माणसं होती. त्यात पहिल्या शिफ्टला दांडी मारून आलेला सखाही होता, आणि तो ते सगळ्यांना अभिमानाने सांगत होता. धोंडुआत्या आता काठी घेऊन चालायची, पण नावं तीच घ्यायची.

अनिताने तिला वाटेत सगळं सांगितलं. तिकडच्या सहा लेखांत तुझं नाव आहे, तुझ्या नियमाने ते लोक आपापली गणितं सोडवतात, असं सांगितलं. पोस्टकार्डही दाखवलं. आत्याने ते उलटंसुलटं केलं, कोपऱ्यातल्या शिक्क्यावरून बोट फिरवलं आणि परत दिलं.

"सोडवू देत. तीनकोनीचं सांगितलंस ना त्यांना?"

"सांगितलंय. तिसऱ्याच पानावर."

"मग हरकत नाय."

नारळ फुटायला लागले. सखाने उघाडीजवळची, म्हणजे पाणी सोडायच्या दाराजवळची, खांड पाहिली होती, त्याचा एक. वनिताने दोन पाहिल्या होत्या, तिचे दोन, आणि तिने ते ऐटीत फोडले. शेवटी पिशवीत एक उरला. चौऱ्याण्णवपासून दर वर्षी तो असाच उरायचा, आणि नवीन कुणी असलं तर विचारायचं, हा कुणाचा? जुने सांगायचे, थांब, ऐक.

आत्याने अनिताकडे बघितलं. नाव कळलं का त्याचं? अनिताने मान हलवली. नाही कळलं, आणि कळणारही नाही बहुतेक.

"नाय तर नाय," आत्या म्हणाली. तिने नारळाला हळदकुंकू लावलं, दोन्ही हातांत धरून खाडीकडे तोंड केलं आणि मोठ्याने नाव घेतलं, "तीनकोनी खांड बघनाऱ्या लांबच्या राखनदाराचा."

आणि नारळ अनिताच्या हातात दिला. तिने दगडावर एका फटक्यात फोडला. पाणी बांधावर गेलं, एक भकल खाडीत, दुसऱ्याचं खोबरं वनिताने तिथेच काढून सगळ्यांना वाटलं. भरती अजून चढत होती. आत्याने सगळ्यांना आपापल्या तिठ्यावर जायला सांगितलं, आणि अनिताला म्हणाली की तू आज हातची, माझ्यापाशी बस.